अकरा ग्रॅम जास्त

“मेलेला माणूस भित्रा होता की नव्हता, हे तुम्ही शोधून काढू शकता का?”

प्रश्न एकदाचा तोंडातून बाहेर पडला आणि भिंगरीने रोखून धरलेला श्वास सोडला. खाली जिन्यात तिच्या दोन मैत्रिणी कठड्याला चिकटून कान टवकारून उभ्या होत्या. ‘हिंमत असेल तर अस्संच्या अस्सं विचारून दाखव,’ ही पैज त्यांचीच होती.

टेबलामागच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून वजनंमापं तपासली होती, म्हणून सगळे त्यांना काटेबाई म्हणत. नोकरी संपली तशी त्यांनी माणसांचं खरंखोटं तपासायला घेतलं. त्यांच्याबरोबर असत ते मास्तर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि आपण आता निम्मेअर्धे गुप्तहेर झालो आहोत अशी पक्की समजूत असलेले.

“कोण मेलंय?” काटेबाईंनी विचारलं.

“माझा दादा.”

मास्तरांच्या बशीत चहा सांडला.

मग भिंगरी सुटलीच. एकदा सुटली की ती थांबत नसे, म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलं होतं. दादा तेवीस वर्षांचा होता. पायी डोंगर चढायचा आणि पॅराग्लायडरने उडत खाली यायचा. सगळं सामान पाठीवर वाहायचं म्हणून सगळं हलकं, एकेक ग्रॅम मोजून घेतलेलं. तीन आठवड्यांपूर्वी दुपारच्या खवळलेल्या वाऱ्यात त्याचा पंख मिटला. अशा वेळी उजव्या कुशीजवळची मूठ ओढायची असते, म्हणजे राखीव छत्री उघडते. ती उघडली नाही.

“उस्ताद म्हणतात, दादाने मूठ ओढलीच नाही. भीतीने गोठला. उस्ताद म्हणजे ज्यांच्या शाळेत तो उडायला शिकला ते. रविवारी उडणाऱ्यांची संघटना अपघाताचा अहवाल देणार, त्यातही तेच येणार. आणि आमच्या वर्गात तर आत्तापासूनच! कोणी हाक मारली आणि मी पटकन वळले नाही, तर म्हणतात, बघा, हीपण गोठली.”

“काय कार्टी आहेत,” मास्तर म्हणाले.

“माझा दादा गोठणारा नव्हता. मला ते लिहून हवंय. शिक्क्यासकट.”

काटेबाई तिच्या दप्तराकडे बघत होत्या. त्याचा बंद करड्या मेणदोऱ्याने शिवला होता. दर चौथा टाका मागे वळून पुन्हा पुढे गेलेला.

“झकास शिवलंय.”

“आईने! दप्तरं, बॅगा, तंबू, काहीही द्या. आईने घातलेला टाका तुटला असं अजून झालेलं नाही.” भिंगरी फुशारली. “आणि दादाच्या सामानाची मॅनेजर मी. काटा मी धरायचे, यादी मी लिहायचे. कुठे उसवलंय, कुठे काय लोंबतंय, ते आधी मलाच दिसायचं. मी ओरडायचे, मग ते नीट व्हायचं.”

“हं,” काटेबाई म्हणाल्या. “एक सांगून ठेवते, भिंगरी. काटा एकदा लावला की आकडा जो येईल तो येईल. मग ‘हा नको, दुसरा दाखवा’ चालणार नाही.”

“चालेल. लावा!”

---

घरात शिरल्याशिरल्या आईचं दुकान, त्याच्यामागे राहत्या खोल्या. आई मान खाली घालून एका पट्ट्यात टोच्याने भोकं पाडत होती. बाबा बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायचे. ते खिडकीशी बसले होते. रजा संपली होती, ते उठले नव्हते.

“बघा काय बघायचं ते,” आई म्हणाली. “माझं पोर परत येणार आहे का? मी त्याला दहादा म्हटलं होतं, जाडजूड घे. बोट घातलं तर आरपार जाईल असलं कापड. दोऱ्या तर केसासारख्या. हलकं, हलकं करत गेला आणि…” तिने टोच्या जोरात दाबला. “एकाच गोष्टीचं समाधान आहे. माझ्या घरातून तो फाटकं, उसवलेलं काही घेऊन गेला नाही.”

आईने टेबलावर ठेवलेला पेला तेवढा बाबांनी कडेपासून आत सरकवला.

दादाच्या कपाटाला आतून यादी चिकटवली होती. भिंगरीचं टपोरं अक्षर. पंख: दोन हजार नव्वद ग्रॅम. हार्नेस, राखीव छत्रीसकट: दोन हजार सातशे नव्वद. हेल्मेट: तीनशे दहा. हातमोजे: बासष्ट. शेवटी चमचा: पंचवीस.

“चमचासुद्धा?” मास्तर चकित झाले.

“मग! उभ्या डोंगरावर पाचशे ग्रॅम म्हणजे काय, ते पाठीला विचारा. दादाने हार्नेस, म्हणजे अंगाला बांधून ज्यात बसून उडायचं तो, निवडायला दोन महिने घेतले. एकात बसायला फळी होती, सोडला. एकाला वेल्क्रोच्या चिकटपट्ट्याच चिकटपट्ट्या, तोही सोडला. शेवटी हा मिळाला. जे लागत नाही ते यात नाहीच.”

हार्नेसच्या आकड्यापुढे पेन्सिलीने, दादाच्या गिचमिड अक्षरात, लिहिलं होतं: ‘शुक्रवार. २८०१?? काटा बिघडला.’

चमच्याच्या आकड्यावर काट मारून पुढे: ‘१४.’

कपाटात तो चमचा होता. दांडा करवतीने अर्ध्यावर कापलेला.

काटेबाईंनी पिशवीतून आपला काटा काढला. नोकरी सोडली तरी तो त्यांनी सोडला नव्हता. पोलिसांनी पंचनामा करून हार्नेस घरी दिला होता. सोडवताना पायाचे बंद कापले होते, पण तुकडे सगळे होते. काटेबाईंनी एकूण एक तुकडा पारड्यात ठेवला.

“दोन हजार आठशे एक.”

“अय्या! म्हणजे आमचा काटा बरोबर होता?”

“चिखल असेल,” मास्तर म्हणाले.

“चिखल शुक्रवारी नव्हता, मास्तर. दादा शनिवारी पडला,” काटेबाई म्हणाल्या.

काटेबाईंनी हार्नेस मांडीवर घेतला. सगळं करडं कापड, करडे बंद. उजव्या कुशीला मूठ जागच्या जागी होती, दोन्ही टोकांना नीटस शिवलेली. तिच्याखाली नखाने थोडी फट करून त्यांनी बॅटरी धरली. आत लाल सुती दोऱ्याची बारीक गाठ होती. अखंड.

मग त्यांनी हातमोजे घेतले. दोन्हींची शिवण एकाच जागी फाटली होती, बोटं वळतात तिथे.

“डावा पण,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “हार्नेस मी घेऊन जाते.”

“न्या,” आई म्हणाली. “मला तो डोळ्यांसमोर नकोच.”

---

उस्तादांची शाळा डोंगराच्या पायथ्याशी एका लांबट पत्र्याच्या खोलीत होती. छताच्या तुळईला दोन दोर टांगलेले.

“मी काय मुद्दाम बदनाम करतोय का पोराला?” उस्ताद वैतागले. “माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होता तो! पण मूठ ओढली की छत्री येते. छत्री आली नाही. म्हणजे मूठ ओढली नाही. मी तरी दुसरं काय लिहू?”

“सामान खराब असेल. हलकं होतं,” मास्तर म्हणाले.

“हलकं म्हणजे कमकुवत नव्हे, मास्तर. त्या केसासारख्या एका दोरीला तुम्हाला टांगता येईल. हलक्या सामानाची गोष्टच वेगळी. त्यात जास्तीचं काही नसतं. प्रत्येक वस्तूला एकच काम, आणि ते तिने करायचं. त्यात आपण आपलं डोकं चालवायचं नाही.”

“मूठ चालते की नाही, बघितलं होतं?”

“नवा हार्नेस आला की त्या दोरांना टांगून बसायचं आणि मूठ ओढायची. इथला नियमच आहे. त्याने ओढली होती. फाटकन निघाली.”

“आणि त्यानंतर?”

उस्ताद घुटमळले. “त्यानंतर कशाला? दर वेळी ओढली तर दर वेळी घडी घालत बसावं लागतं.”

घड्या घालायचं काम घडीवालीचं. राखीव छत्र्या उघडून, वाळवून पुन्हा घडी घालून देणारी बाई. लांब टेबलावर ती दहा हात कापड भाकरीएवढं करत होती.

“घडी माझी. चुकली तर मान माझी,” ती ताडकन म्हणाली. “त्याच्या पडण्याआधी तीन आठवडे घातली होती. मूठ खाचेत खोचली, आणि शेवटी माझा लाल दोरा.”

“तो कशाला?”

“या हलक्या हार्नेसला चिकटपट्टी नसते ना. झुडपात अडकून मूठ आपोआप निघू नये म्हणून एक कच्चा सुती दोरा अडकवायचा. हिसका दिला की तटकन तुटतो. मग मूठ, खिळी, छत्रीची पिशवी, सगळं सुटून हातात येतं. हे बघा.” तिने रीळातला दोरा मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी करंगळीने ओढला. तुटला.

“दुसरीतलं पोर तोडेल,” घडीवाली म्हणाली.

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी काटेबाईंना बाजूला घेतलं. “बाई, आत तर दोरा शाबूत आहे. म्हणजे… त्याने ओढली नाहीच. भिंगरीला कसं सांगायचं?”

काटेबाईंनी घडीवालीलाच पुढचा प्रश्न विचारला. “हा दोरा तुटण्यासाठी असतो, हे त्याच्या घरच्यांना कोणी सांगितलं होतं?”

“घरच्यांना? घरचे कुठे उडतात?”

राहिला जोडीदार. दादाबरोबर डोंगर चढणारा, स्पर्धेत दर वेळी दुसरा येणारा. तो दाराबाहेर पायरीवर बसला होता.

“लोक म्हणतात, तो गेल्यावर आता तू पहिला,” काटेबाई सरळ म्हणाल्या.

“म्हणू देत,” तो म्हणाला. “पहिलं येऊन दाखवायचं कोणाला?”

“तू काय पाहिलंस?”

“मी वर होतो. पंख मिटला, तो गरागरा फिरायला लागला. मी ओरडत होतो, ओढ, ओढ! हात हलताना दिसले नाहीत. दोन्ही हात उजव्या कुशीशी घट्ट धरून, वाकून बसला होता. पोटात कळ आल्यावर बसतात तसा. शेवटपर्यंत.” त्याने तोंड फिरवलं. “आदल्या दिवशी दुपारी चमचा कापत बसला होता. सामान अकरा ग्रॅम जास्त भरतंय, काटा बिघडलाय, पण रिस्क नको म्हणाला. मी किती हसलो त्याला.”

“तुझा हार्नेस कुठला?”

“सेम त्याच्यासारखा. आम्ही बरोबरच घेतले. सध्या त्याच्या आईकडे, काकूंकडे दिलाय, बंद झिजलाय म्हणून. सोमवारी त्याच्या नावाने एक उड्डाण करणार आहे.”

काटेबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. शुक्रवार संपत आला होता.

---

शनिवारी शाळा सुटली तशी भिंगरी धावत पत्र्याच्या खोलीत पोचली. उस्ताद, घडीवाली, जोडीदार, सगळे हजर होते. दादाचा हार्नेस तुळईच्या दोरांना टांगला होता. कापलेले बंद गाठी मारून जोडलेले.

काटेबाई तिला दाराशीच थांबवून म्हणाल्या, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ते फक्त तुला सांगू?”

“फक्त मला? छे! सगळ्यांसमोर सांगा. गोठला म्हणाले ते सगळ्यांसमोरच ना?”

काटेबाईंनी टांगलेल्या हार्नेसकडे बोट दाखवलं. “ठीक आहे. मास्तर, बसा.”

“मी? यात?”

मास्तर कण्हतकुथत चढून बसले. तुळई करकरली. भिंगरीला हसू आलं.

“ओढा मूठ.”

मास्तरांनी ओढली. काही झालं नाही.

“जोर लावा.”

मास्तरांनी दोन्ही हात मुठीवर घातले, कंबरेत वाकले, दात आवळले. चेहरा लाल झाला. मूठ हलली नाही. कुशीशी दोन्ही हात आवळून ते तसेच वाकून राहिले.

जोडीदार उभा राहिला. “असाच,” तो कसाबसा म्हणाला. “तो असाच बसला होता.”

“बरोबर,” काटेबाई म्हणाल्या. “लांबून बघणाऱ्याला तो गोठलेला दिसला. हात हलत नव्हते, कारण मूठ हलत नव्हती. त्याच्या दोन्ही हातमोज्यांची शिवण बोटांच्या वळणात फाटली आहे. डावा हात एरवी पंखाच्या दोरीवर असतो. तो सोडून त्याने दोन्ही हातांनी मूठ ओढली. शेवटपर्यंत. भिंगरी, तुझा दादा गोठला नव्हता.”

“बघा!” भिंगरी उड्याच मारायला लागली. “मी म्हटलं होतं! उस्ताद, लिहा आता! लिहा!”

पण उस्ताद मुठीकडे बघत होते. आणि घडीवाली हळूहळू खाली बसत होती.

“पण लाल दोरा?” मास्तर वरूनच म्हणाले. “तो तर शाबूत आहे.”

“तिथेच तर सगळं आहे, मास्तर. दोन्ही हातांचा जोर लावूनही करंगळीने तुटणारा दोरा तुटला नाही. म्हणजे तो जोर दोऱ्यापर्यंत पोचलाच नाही. वाटेत कोणीतरी अडवला. तीन आठवडे आधी घडी घातली तेव्हा हार्नेस दोन हजार सातशे नव्वद. पडायच्या आदल्या दिवशी दोन हजार आठशे एक. दादाला वाटलं काटा बिघडला. त्याने चमच्याचा दांडा कापून ते अकरा ग्रॅम वजा केले. काटा ठणठणीत होता. हार्नेसमध्येच काहीतरी भरलं होतं.”

त्यांनी हार्नेसचं अस्तर उलटलं. आत, मुठीच्या बरोबर मागे, वीतभर दुपदरी जाड पट्टा शिवलेला होता. त्यातून टाके आरपार मुठीच्या दोन्ही टोकांत गेले होते.

“कारखान्याची शिवण वाटावी इतकं सुबक काम. म्हणून कोणाला दिसलं नाही. दादालासुद्धा नाही. त्याने उडण्याआधी पाहिलं असेल तेव्हा मूठ जागेवर होती. नेहमीपेक्षा नीट. हे करणाऱ्याला मूठ म्हणजे बॅगेची मूठ वाटली. उचलायची. ती खाचेतून निघून एका लाल दोऱ्यावर लोंबत होती. बॅगेची मूठ लोंबत असेल तर चांगला कारागीर काय करेल? आतून पट्टा देईल. मेणदोरा घेईल. आणि दर चौथा टाका मागे फिरवेल.”



भिंगरीने दप्तर खांद्यावरून काढलं. बंदाकडे पाहिलं. मग मुठीकडे. पुन्हा बंदाकडे.



“मी दाखवलं,” ती म्हणाली. “तो पडला त्या आठवड्यात, बुधवारी. दादाने हार्नेस वाळत टाकला होता. मी म्हटलं, आई, बघ ना, मूठ एका दोऱ्यावर लटकलीय. ओढली आणि तुटून हातातच आली तर छत्री कशी उघडेल? नीट करून दे. दादाला सांगू नकोस, तो म्हणेल वजन वाढतं.” तिचा आवाज बारीक झाला. “मला वाटलं हातात येता कामा नये.”

“हातातच यायची असते गं,” घडीवाली म्हणाली आणि तिने पदरात तोंड लपवलं. “मी एकदा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.”

“आणि मी दर महिन्याला टांगून बघायला हवं होतं,” उस्ताद म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “ऐका. अहवाल आहे तसाच जाऊ दे. ‘चालक गोठला.’ लोक चार दिवस बोलतील, विसरतील. पण तुझ्या आईला हे कळलं तर ती… पोरी, गेलेल्याला आता काही लागत नाही.”

मास्तरांनी वरून मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. खरं तर सगळ्यांनाच पटलं होतं.

तेवढ्यात जोडीदार पांढराफटक पडला. “माझा हार्नेस,” तो म्हणाला. “काकूंकडे आहे.”

“गुपचूप परत आणू,” मास्तर म्हणाले.

“याचा आणू,” काटेबाई म्हणाल्या. “त्यानंतर शिवायला येईल त्याचं काय?”

भिंगरीने दप्तर उचललं. शिक्क्यासकट लिहून हवं होतं ते उत्तर तिला मिळालं होतं. तिने ते लिहून मागितलं नाही.

“मी येऊ का बरोबर?” मास्तरांनी विचारलं.

“नको. तुम्ही आधी खाली उतरा,” ती म्हणाली.

---

दुकानात दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. बाबा आज खिडकी सोडून आईसमोर बसले होते आणि तिला मेणदोरा ओढून देत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

टेबलावर करडा हार्नेस होता.

“आलीस?” आई म्हणाली. तिच्या आवाजात जरा जीव आला होता. “हे बघ, जोडीदाराचं. याचीपण मूठ एका दोऱ्यावर! बंद तर शिवून झाला, म्हटलं हेही पक्कं करून टाकते. एक पोर गेलं. दुसऱ्याचं तरी नीट असू दे.”

तिने सुई मुठीत टोचली.

“आई, सुई खाली ठेव.”

“दोनच टाके राहिलेत गं.”

“आई. सुई खाली ठेव.”

भिंगरी इतकी हळू कधी बोलत नसे. बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या हातातला दोरा सैल पडला.

“मी एक ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या संघटनेसमोर मी उभी राहणार आहे. दादाने मूठ ओढली होती, दोन्ही हातांनी, शेवटपर्यंत, हे सांगणार आहे. ती का निघाली नाही, तेही सांगणार आहे. त्यात पहिलं नाव माझं येईल. दुसरं मला घ्यायचं नाहीये, पण घ्यावं लागेल. आणि ते तुम्ही बाहेर कुठे ऐकायचं नाही, म्हणून आत्ता इथेच सांगणार आहे. बाबा, तुम्ही जरा उठून आईच्या शेजारी बसा.”